ट्रॅक्टरने घरचा बर्फ काढताना: आधी बर्फाची जागा ठरवा, मग अवजार

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 25 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा), पुढे लोडर (उचलणारे हात) आणि बकेट, टायर औद्योगिक नक्षीचे. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत सुमारे 80 मीटरची खडीची वाट, मध्ये उतार, एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला दरड. गेल्या हिवाळ्यात नुसत्या बकेटवर काम केलं, फार वेळ गेला, आणि मोसम संपेपर्यंत वाट इतकी अरुंद झाली की दुसरी गाडी आत घेता येईना. आता मागे ब्लेड (बर्फ ढकलणारं रुंद पातं) लावायचं की स्नोब्लोअर (बर्फ उडवणारं यंत्र) घ्यायचा, आणि चाकांना चेन खरंच लागतात का, हे तुम्हाला हवं आहे.

मी स्वतःची आणि शेजारच्या दोन-तीन घरांची वाट बरेच हिवाळे ट्रॅक्टरने मोकळी करतो आहे, आणि बकेट, मागचं ब्लेड, मागचा ब्लोअर हे तिन्ही नियमित वापरतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वाट अरुंद होत गेली, हा. बर्फ हलवायला ट्रॅक्टर कमी पडला नाही, हलवलेला बर्फ ठेवायला जागा कमी पडली. म्हणून अवजार निवडण्याआधी मोसमाच्या शेवटपर्यंतचा सगळा बर्फ कुठे जाणार, ते ठरवायला हवं. ते एकदा ठरलं की ब्लेड की ब्लोअर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आधी थोडा हिशेब करू, कारण आपण किती माल हलवतो आहोत याचा अंदाज बहुतेकांना नसतो. 80 मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद वाट म्हणजे 280 चौरस मीटर. त्यावर 30 सेंटीमीटर बर्फ पडला तर 84 घनमीटर झाला. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतो. म्हणजे वजन फार तर आठ-साडेआठ टन. तोच बर्फ ओला असेल तर घनमीटरला 300 किलोपर्यंत सहज जातो, आणि त्याच वाटेवर 25 टन ओझं पडलेलं असतं. तुमच्या आकाराच्या ट्रॅक्टरची बकेट शीग लावून भरली तरी पाव घनमीटरच्या आसपास घेते. दाबला जाऊन बर्फ निम्मा झाला असं धरलं, तरी दीडशेहून जास्त फेऱ्या. गेल्या वर्षीची दमछाक इथून आली. बकेट हे उचलायचं आणि रचायचं साधन आहे, लांब वाट साफ करायचं नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच सांगतो. एका वेळी किती पडतो, दोन वादळांच्या मध्ये वितळायला अवसर मिळतो का, वारा किती, बर्फ बहुधा कोरडा की ओला, बाजूला किती जागा आणि ती वाटेच्या वर की खाली. एका वेळी 15-20 सेंटीमीटर पडतो आणि मध्ये दोन-चार दिवस ऊन पडतं, अशा ठिकाणी ब्लोअर घेणं म्हणजे पैसे अडकवून ठेवणं. जिथे नोव्हेंबरचा बर्फ मार्चपर्यंत तसाच पडून राहतो, तिथे नुसत्या ब्लेडवर भिस्त ठेवली तर जानेवारीतच जागा संपते.

मागच्या ब्लेडचा फायदा वेगात आहे. साध्या वादळानंतर 80 मीटरची वाट ब्लेडने निघायला ब्लोअरच्या निम्म्याहूनही कमी वेळ लागतो. शिवाय त्यात बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही. घेताना रुंदी मात्र नीट बघा. ब्लेड तिरकं केलं की त्याचा पट्टा कमी होतो: सहा फुटी, म्हणजे 183 सेंटीमीटरचं ब्लेड 30 अंशांत वळवलं की प्रत्यक्षात सुमारे 158 सेंटीमीटरच साफ करतं. तो पट्टा मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर एक चाक कायम न काढलेल्या बर्फावर चालत राहतं. दुसरी मर्यादा खोलीची. ब्लेड मागे असल्यामुळे ट्रॅक्टर आधी बर्फावर चढतो, चाकांखाली तो दबतो, आणि ब्लेड त्यावरून सरकून जातं. बर्फ पुढच्या धुऱ्याला टेकायला लागला की ब्लेडचं काम थांबलं असं समजा. ब्लेड उलटं फिरवून रिव्हर्समध्ये ढकलता येतं, पण हळू. थ्री पॉइंटचे, म्हणजे मागे अवजार जोडायचे, दांडे ओढण्यासाठी बनलेले असतात, मागून बसणाऱ्या दणक्यासाठी नाहीत.

आणि ब्लेडने काढलेला बर्फ वाटेच्या कडेलाच बसतो, हे सगळ्यात मोठं. ढकलताना बर्फाचे कण तुटतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. त्यासाठी वितळून पुन्हा गोठायचीसुद्धा गरज नसते; कडाक्याच्या थंडीतही काही तासांत तो बांध टणक होतो. पुढच्या वादळाला ब्लेड त्या बांधावर आदळतं आणि नवा बर्फ आतल्या बाजूला साचतो. दर वेळी वाट वीतभर आत सरकते. गेल्या वर्षी तुमच्याकडे नेमकं हेच झालं असणार, आणि तुमच्या दोन्ही बाजू बंद असल्यामुळे ते लवकर झालं.

ब्लोअर आतल्या पंख्याने बर्फ नळीतून उडवून लांब टाकतो, म्हणून बांधच तयार होत नाही. कोरडा बर्फ दहा-बारा मीटर सहज जातो, आणि कुंपणापलीकडची किंवा दरडीवरची जागा वापरता येते. पण ब्लोअर ताकद मागतो. 25 एचपी ही इंजिनाची ताकद झाली. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरमध्ये पीटीओपर्यंत (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) त्यातली साधारण 18 ते 20 एचपी पोहोचते. तेवढ्यावर पाच फुटी ब्लोअर व्यवस्थित चालतो. सहा फुटी घेतला तर ओल्या बर्फात इंजिन गुदमरतं. टायरांची बाहेरची रुंदी मोजा आणि तिच्यापेक्षा जेमतेम रुंद एवढाच ब्लोअर घ्या.

चालवताना एक गोष्ट पक्की ठरवून टाका: पीटीओ कायम मिनिटाला 540 फेऱ्यांवर, आणि जड गेलं की कमी करायचा तो ट्रॅक्टरचा वेग. बरेच जण उलट करतात. इंजिन कमी करून हळू जातात, मग पंख्याचा वेग पडतो, बर्फ नळीच्या बाहेर फेकला जात नाही आणि नळी तुंबते. हायड्रोस्टॅटिकचा खरा उपयोग इथेच आहे, कारण इंजिन पूर्ण वेगात ठेवून चाकं मुंगीच्या चालीने नेता येतात. ओल्या बर्फात अर्ध्याच रुंदीचा पट्टा घ्या. खोल साचलेल्या ठिकाणी वरचा थर आधी, खालचा नंतर. बर्फ अगदी चिखलासारखा पाणी धरलेला असेल तर ब्लोअर लावूच नका. तो बकेटने ढकलून बाजूला करा. वादळाच्या आधी नळीच्या आत सिलिकॉनचा स्प्रे मारला तर चिकटणं बरंच कमी होतं.

मागच्या ब्लोअरचा तोटा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: सगळं काम रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून करावं लागतं. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर हे आधी विचारात घ्या. बदल्यात एक लाभ मिळतो, चाकं कायम साफ केलेल्या जागेवर चालतात. पुढे बसणारा ब्लोअर चालवायला खूप सोपा असतो, पण त्याची किंमत बरीच जास्त, त्याला पुढच्या पीटीओची किंवा पोटाखालच्या पीटीओवरून आलेल्या जोडणीची गरज लागते, आणि तो लावला की लोडर उतरवून ठेवावा लागतो. तुमच्या कामात लोडर हवाच आहे, म्हणून मी तुम्हाला तो सुचवणार नाही.

तर इथपर्यंतचं मत सांगतो. कुंपण आणि दरड दोन्ही असताना, आणि मोसमभर बर्फ साठून राहत असेल तर, पाच फुटी मागचा ब्लोअर आणि पुढे आहे ती बकेट, ही जोडी घ्या. कुंपण हिवाळ्यापुरतं काढता येत असेल आणि त्या बाजूला तीन-चार मीटर मोकळी जागा मिळत असेल, तर ब्लेड आणि बकेटवर भागेल. पण मग पहिल्या वादळापासूनच वाट गरजेपेक्षा दोन्हीकडे मीटरभर जास्त रुंद काढायची, आणि प्रत्येक वादळानंतर बांध कडक होण्याआधी बकेटने मागे रचायचा. बाजू निवडायची झाली तर उताराच्या खालची. वरच्या बाजूला रचलेला ढीग दुपारी वितळतो, पाणी वाटेवरून वाहतं आणि रात्री त्याची काच होते.

आता चेन. तुमच्या वाटेला उतार आहे, म्हणून माझं उत्तर स्पष्ट हो आहे. औद्योगिक नक्षीचे टायर दाबलेल्या बर्फावर आणि काचेसारख्या बर्फावर फार कमी पकडतात, आणि फोर व्हील ड्राइव्हमुळे निघायला मदत होते, थांबायला तेवढी होत नाही. चेन आधी मागच्या चाकांना लावा. फक्त पुढच्या चाकांना कधीही लावू नका, उतारावर मागचा भाग फिरतो. शिडीसारख्या सरळ आडव्या कड्यांच्या चेनपेक्षा चौकटीच्या जाळीची चेन घ्या. तिच्या कड्या जमिनीला सतत टेकलेल्या राहतात, त्यामुळे हादरे कमी बसतात आणि बाजूला घसरणंही आटोक्यात येतं. विकत घेण्याआधी टायर आणि मडगार्ड, टायर आणि हायड्रॉलिकचे पाइप यांच्यातलं अंतर बघा. काही ट्रॅक्टरांत ते इतकं कमी असतं की चेन घासते.

चेनइतकंच मागच्या वजनाचं महत्त्व आहे. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. भरलेली बकेट पुढे, मागे काहीच नाही आणि तोंड उताराकडे, असं झालं की मागची चाकं हलकी होतात. ब्रेक दाबला तरी ती नुसती अडकून घसरतात. म्हणून उतारावर फोर व्हील ड्राइव्ह कधीही काढायचा नाही. तो जोडलेला असला की पुढची चाकंही रोखली जातात. मागे ब्लोअर असेल तर वजनाचा प्रश्न सुटतो. नसेल तर काँक्रीटचा ठोकळा लावा, किंवा टायरांत न गोठणारं द्रावण भरा. टायरात साधं पाणी भरू नका. भरलेली बकेट नेताना ती गुडघ्याच्या वर नको.

खडीच्या वाटेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वसंतात हिरवळीतून खडी वेचत बसायचं नसेल तर हे वाचा. पहिला पाच-सात सेंटीमीटरचा बर्फ काढूच नका. जमीन गोठायला लागली की त्यावरून ट्रॅक्टर चालवून तो दाबून घ्या. त्याचा कडक थर बसतो, आणि पुढचा सगळा मोसम तुम्ही त्या थरावर काम करता. ब्लोअरच्या खालच्या घसरपट्ट्या दोन-तीन सेंटीमीटर उंच ठेवा. खडी पंख्यात गेली तर शिअर बोल्ट (मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट) तुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती गोळीसारखी बाहेर पडते. नळीचं तोंड कधीही माणूस, गाडी किंवा खिडकीकडे नको. बकेटच्या धारेला लांबीत चीर दिलेला लोखंडी पाइप बसवता येतो. मग धार खडीत रुतत नाही, वरून सरकते.

शिअर बोल्ट तुटला की त्या जागी जो हाताला येईल तो कडक बोल्ट ठोकायचा मोह होतो. तो आवरा. त्या बोल्टचं कामच तुटून गिअरबॉक्स वाचवणं आहे. कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि ग्रेडचे सहा-सात बोल्ट आणि दोन पाने ट्रॅक्टरवरच्या डब्यात ठेवा, कारण तो तुटतो तेव्हा बहुधा अंधार असतो आणि वारा सुटलेला असतो.

कामाचा क्रम. मोठं वादळ असेल तर संपायची वाट पाहू नका. 15 सेंटीमीटर झाले की एक फेरी मारा. दोनदा 15 काढणं एकदा 30 काढण्यापेक्षा सोपं जातं, विशेषतः ओल्या बर्फात. शक्य तोवर गाड्या चालायच्या आधी काढा, कारण चाकांनी दाबलेले पट्टे निघत नाहीत. सुरुवात गॅरेजपासून. दारासमोर बकेट टेकवा, लोडर फ्लोटवर घ्या (म्हणजे बकेट जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप खालीवर होते) आणि मागे ओढत आणा. बकेटचं तोंड पूर्ण खाली वळवून, सिलिंडरचे दांडे बाहेर असताना जोरात मागे ओढू नका. काहीतरी अडलं तर दांडे वाकतात. दारापासून सात-आठ मीटर बर्फ बाहेर आला की पुढचं काम ब्लोअरचं.

शेवटी रस्त्याकडचं तोंड. रस्त्यावरचा बर्फ काढणारा सरकारी नांगर गेला की तिथे टणक ढेकळांचा बांध येतो, आणि घरमालकाला सगळ्यात जास्त वैताग त्याचाच असतो. तो टाळायचा एक चांगला मार्ग आहे. नांगर ज्या बाजूने येतो त्या बाजूला, तुमच्या वाटेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेचा पाच-सहा मीटरचा पट्टा मोकळा करून ठेवा. नांगरापुढचा बर्फ आधी त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच येतो. जो बांध येईल तो बकेटने काढा, ब्लोअरने नाही. त्या ढेकळांत दगड आणि कधीकधी लोखंडही असतं. आणि बर्फ रस्त्यापलीकडे ढकलू नका. बऱ्याच ठिकाणी ते कायद्याने मना आहे, आणि राहिलेली रेघ गोठली की दुसऱ्याच्या गाडीला धोका होतो.

ढीग कुठे नको हेही सांगतो. गॅसचा मीटर, अग्निशमनाचा नळ आणि घर गरम करणाऱ्या भट्टीची धूर बाहेर सोडणारी नळी मोकळी हवी. ती नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका. मोकळा बर्फ जमिनीची ऊब राखतो, दाबला की गारठा खोल उतरतो आणि पाइप गोठतात.

यंत्राचं थोडक्यात. उन्हाळ्यातलं डिझेल टाकीत राहू देऊ नका, थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर बंद होतो. न गोठण्याचं औषध डिझेल गोठायच्या आधी घालायचं असतं, नंतर घालून उपयोग नाही. ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) असेल तर दोन-तीन तास आधी लावा. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं मध्यम वेगात ठेवा, म्हणजे हायड्रॉलिकचं तेल पातळ होईल. हे सगळं उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये एक मिनिटही नाही.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. तुंबलेल्या नळीत हात घालू नका. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबेपर्यंत थांबा, आणि मग काठीने साफ करा. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या पंख्यात ताण शिल्लक असतो, आणि अडथळा निघाला की तो झटक्यात फिरतो. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. सगळ्यांना कामाची सवय होती. डोक्यावरची संरक्षक चौकट उभी ठेवा, पट्टा बांधा, आणि ट्रॅक्टर चालू असताना मुलं घरात हवीत. रिव्हर्समध्ये, उडत्या बर्फात, मागचं काही दिसत नाही.

जमीन अजून गोठलेली नसेल तर या आठवड्यात वाटेच्या दोन्ही कडांना, वळणावर आणि नाल्याच्या पाइपाजवळ उंच खुंट्या रोवून घ्या, वर चकाकणारी पट्टी लावून. नंतर त्या ठोकता येत नाहीत. कुंपणापलीकडची जागा तुमची आहे का आणि वारा बहुधा कुठून येतो, एवढं कळवलंत तर बर्फ कोणत्या बाजूला उडवायचा ते नेमकं सांगता येईल.